हरकतदार क्रमांक एकोणतीस

१

हे कुठल्या कार्यालयात घडलं ते सांगत नाही. उगाच कुणाची तरी बदली व्हायची. पूर्व उपनगरातलं एक जुनं कार्यालय समजा. तिसरा मजला, लिफ्ट बंद, आणि सुनावणीच्या खोलीला जुन्या पद्धतीचं अर्धं झुलतं दार. बाहेर कुणी उभं राहिलं की त्या दाराखालून पाय दिसतात आणि वरून डोकं.

सुनावणी म्हणजे काय, तर शहराच्या आराखड्यात एखादी जागा मैदान म्हणून राखून ठेवलेली असते. पुढे कधीतरी कुणाला तरी तिथे टॉवर दिसायला लागतो. मग मैदानाचं आरक्षण उठवून जागा घरबांधणीला द्यावी असा प्रस्ताव येतो, पेपरात मुंगीएवढ्या अक्षरात नोटीस लागते, आणि जे ती शोधून वाचतात ते हरकती पाठवतात. या हरकतदारांना तारीख द्यायची, एकेकाला आत बोलवायचं, ऐकायचं आणि नोंद करायची. बोलवायचं काम संघमित्रा साळवेचं. गेली अकरा वर्षं ती टेबलाच्या कडेला उभी राहून नावांचा पुकारा करत होती. प्रत्येक नाव तीनदा. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर यादीत लाल पेनाने 'गैरहजर'. त्यानंतर तो माणूस दोन मिनिटांनी धापा टाकत आला, तरी त्याची हरकत त्याच्यापाशी. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही, पण मोडल्याचंही कुणी ऐकलेलं नाही.

ऐकण्याचं काम सुबोधसाहेबांचं. माणूस सज्जन, डब्यातली भाजी दहा जणांत वाटून खाणारा. खोड एकच. समोरच्या माणसाकडे ते कधी मान वर करून बघत नसत. "बसा, बोला," म्हणायचे, आणि माणूस घसा खाकरेपर्यंत त्यांनी लिहून टाकलेलं असायचं: 'हरकतदार उपस्थित. म्हणणे ऐकून घेतले.' एकदा एका रागावलेल्या आजोबांनी म्हणणं न मांडता नुसतीच जीभ काढून दाखवली होती, तीही साहेबांनी ऐकून घेतली.

आणि यादी. ती करायची रीतही सांगून ठेवतो, कारण घोळ तिथेच झाला. सरकारी कचेरीत नवी यादी कुणी करत नाही. संगणकावरची जुनी उघडायची, नव्या नावाने ठेवायची, आणि त्यातली माणसं बदलायची.

२

या खेपेची जागा भांडुपची होती. टेकडीच्या पायथ्याला समता चाळ आहे, तिच्या मागचं मैदान. मैदान म्हणजे काय, धड क्रिकेटही मावत नाही. पण चाळीतली सगळी लग्नं तिथे, जयंतीचा मंडप तिथे, उन्हाळ्यात कुरडया तिथे. संघमित्राचं बालपण त्याच धुळीत गेलेलं. हे तिने साहेबांना सांगितलं नव्हतं, आणि साहेबांनी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी बावीस जण येऊन गेले. श्रुतिका परब नावाच्या मुलीने तर मैदानात खेळणाऱ्या पोरांचे फोटो आणले होते, मोठे करून. साहेबांनी ते उपडे ठेवून त्यावर कागद ठेवला आणि लिहिलं: म्हणणे ऐकून घेतले. कोपऱ्यात बिल्डरचा माणूस विशाल लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. पोरगा तसा नम्र. बाईमाणूस आलं की उठून खुर्ची द्यायचा.

पावणेपाच झाले. संघमित्राने यादीचं पान उलटलं.

"क्रमांक तेवीस. चंपा तुकाराम वाघमारे."

तोंड पुकारत होतं. डोकं घरी जाताना मटकी न्यावी की वाटाणे, यात होतं. दुसरी हाक देताना जीभ किंचित अडखळली. हे नाव तिच्या तोंडात फार जुनं होतं. पण अकरा वर्षांची सवय, तिसरी हाक गेलीच.

"आले गं बाई, आले! किती वरडतीस!"

आवाज जिन्याच्या बाजूने आला. मग सपक सपक स्लीपर. दाराखाली दोन पाय येऊन थांबले. टाचांना भेगा, बोटांत झिजलेली जोडवी, उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. संघमित्राने वर पाहिलं. दाराच्या वर कुणीच नव्हतं. समोरच्या भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं तेवढं दिसत होतं.

"बसा, बोला," साहेब म्हणाले.

दार आत झुललं आणि परत जागेवर गेलं. टेबलासमोरची प्लॅस्टिकची खुर्ची करकरली, कुणी अंग टाकून बसावं तशी. खोलीत मशेरीचा वास आला. विशाल फोनमध्ये बोटं चालवत होता. साहेबांचं पेन कागदावर चाललं होतं, नेहमीच्याच वेगाने. बाकी आवाज नव्हता. एक मिनिट, दोन मिनिटं.

"झालं? या मग," साहेब म्हणाले. खुर्ची पुन्हा करकरली. दार बाहेर झुललं. "चला साळवेबाई, उरलेले सहा उद्या."

संघमित्रा धावत बाहेर गेली. लांबलचक व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता, आणि उतरत्या उन्हात फरशीवर पावलाचा ठसाही नव्हता.

३

घाबरून किंचाळणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्या वडिलांनी तिला लहानपणापासून एकच शिकवलं होतं: आधी कारण शोध, मग भी. तिने जिन्यात उभं राहून कारण शोधलं. म्हातारी बुटकी असेल. पाठीत वाकलेली असेल. वाकलेली बाई दाराच्या वरून दिसेल कशी? आणि आत आली तेव्हा आपण यादीत बघत होतो. झालं. एवढं सरळ आहे.

एवढं सरळ होतं, फक्त चंपाकाकू सोळा वर्षांपूर्वी वारली होती. तिच्या पुण्यानुमोदनाला पंगतीत भात वाढणारी संघमित्राच होती. आणि तो वळलेला अंगठा तिने लहानपणी शंभरदा पाहिला होता, काकूच्या पुढ्यात बसून वेणी घालून घेताना.

तिने यादी पहिल्यापासून वाचली, आणि मग लख्ख कळलं. याच मैदानाचा हाच प्रस्ताव पूर्वी चौऱ्याण्णव साली आला होता. तेव्हाही सुनावणी झाली होती, याच इमारतीत. मग भागीदारांत भांडणं लागली आणि फाइल पडून राहिली. संघमित्राने पुढे कधीतरी संगणकावर चढवलेल्या त्याच जुन्या यादीवरून नवी यादी बनवली होती. पहिल्या पानावरची नावं बदलली. तेवढ्यात लेकीचा फोन आला, आई, गॅस संपलाय. दुसरं पान तसंच राहिलं. साहेबांनी न बघता सही केली, शिपायाने न बघता फलकावर लावली, आणि फलकावरचं कोण वाचतं?

दुसऱ्या पानावर सात नावं होती. सगळी समता चाळीतली, सगळी तिच्या ओळखीची, आणि सातही माणसं आता जगात नव्हती.

सातवं नाव, क्रमांक एकोणतीस: खंडू सखाराम इंगळे.

तिचे वडील. आबा.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिला भीती वाटली, पण कशाची ते नीट धरता येईना. उद्या आपण आबांना हाक मारायची आणि कुणीतरी ओ द्यायची, याची भीती होती. आणि ओ आलीच नाही, तर आपल्याच हाताने लाल पेनाने त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायचं, याची त्याहून जास्त होती.

कारण तो शब्द त्यांच्या नावापुढे एकदा लागलेला होता.

४

संध्याकाळी ती सासरी मुलुंडला न जाता आईकडे भांडुपला गेली. नंदाबाई दारात बसून लसूण सोलत होत्या. लेक आठवड्याच्या मध्येच आली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे त्यांनी ओळखलं, पण विचारलं नाही. लसणाचा अर्धा वाटा तिच्यापुढे सरकवला.

"आई, आबा सुनावणीला गेले होते तो दिवस आठवतो का गं तुला?"

"मला इसरता येतंय व्हय?" नंदाबाई म्हणाल्या. "फर्स्ट शिफ्ट व्हती त्याची. सायबानं सोडतो सोडतो म्हणत सोडलाच न्हाई येळेवर. रंगाच्या कारखान्यापासनं पळत गेला बघ, पार टेसनापल्याड. आठ दिस पाठ करत व्हता काय बोलायचं ते. मला समोर बसवायचा आन् म्हणायचा, तू सायब हो."

"मग?"

"मग काय. तीनदा पुकारलं म्हणं. तिसऱ्या हाकंला ह्यो जिन्यात व्हता. आलो आलो म्हणून वरडला बी. वर गेला तर शिपाई म्हणतो, झालं, लिवलं." त्यांनी पाकळी वाटीत टाकली. "सहा वाजंपतुर बसून राहिला बाकड्यावर. घरी आला, जेवला न्हाई. म्हणाला, नंदे, मी जिन्यात व्हतो गं."

संघमित्राला ते माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं. त्यानंतर आबा कुठेही तासभर आधी जायचे, लग्नाला, दवाखान्यात, तिच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला. मंडपवाला खुर्च्या मांडत असायचा आणि आबा पहिल्या रांगेत बसलेले असायचे. लोक हसायचे. तीही हसायची, आणि आता ते आठवून तिला स्वतःचा राग आला.

"शेवटच्या दिसांत ताप चढला की तेच बोलायचा," नंदाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "थांबा, जिन्यात हाय मी. नर्स म्हणायची, आजोबा, कुठला जिना?"

मग संघमित्राने सगळं सांगितलं. यादीचा घोळ, चंपाकाकूचे पाय, उद्याचं नाव. नंदाबाई ऐकत राहिल्या. मध्येच एकदा त्यांनी दाराबाहेर मैदानाकडे पाहिलं, तिथे दोन पोरं सायकल शिकत होती.

"तुझा आबा भुताखेताला मानायचा न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यो भूत हून कशाला येतोय? त्याच्या तत्त्वात बसत न्हाई." आणि स्वतःच हसल्या. संघमित्रालाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. नंदाबाईंनी लसणाच्या हाताने तिची पाठ थोपटली.

"एक ऐक माझं," त्या म्हणाल्या. "काय बी झालं तरी ते लाल पेन तू धरू नगं. दुसऱ्या कुणाला दे. त्याला तुझ्या हातचं सोसायचं न्हाई."

५

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना गाठलं. वडिलांचं काही बोलली नाही. त्यांच्या लेखी ती साळवे, आणि इंगळे कोण हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

"साहेब, यादीत चूक झालीय. दुसरं पान जुन्या सुनावणीचं आहे. ती नावं काढते."

"फलकावर लागली ना?"

"हो."

"माझी सही आहे?"

"आहे."

"मग ती यादी. आता नाव काढलं आणि उद्या कोर्टात कुणी विचारलं, का काढलं, तर काय सांगायचं? पुकारा करा, येणार नाहीत, गैरहजर लिहा, विषय संपला." साहेब हे सगळं टेबलावरच्या कागदाशी बोलले. "आणि काल ती तेवीसवाली आली होती की. म्हणजे यादी बरोबर आहे."

संघमित्रा यादी घेऊन परत फिरली.

साडेतीनला सुनावणी सुरू झाली. विशाल त्याच्या कोपऱ्यात बसला. उरलेल्या सहा जणांसाठी शिपायाने टेबलासमोर ओळीने सहा खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांतल्या एकीवर विशालने बॅग ठेवली.

"क्रमांक चोवीस. भिवा रामा परब."

"इलंय, इलंय!" पहिल्याच हाकेला. मालवणी हेल, आणि मागोमाग तो कोरडा खोकला, गिरणीतल्या कापसाने दिलेला. भिवाकाका चाळीतल्या पोरांना गणपतीत लेझीम शिकवायचे. दाराखाली जाडजूड वहाणा आल्या. वर लाल नळकांडं. दार झुललं, खुर्ची करकरली.

संघमित्राने यादी दोन्ही हातांनी धरली होती. कारण शोध, मग भी. ती कारण शोधत होती. वारा, जुनं दार, प्लॅस्टिकची खुर्ची उन्हाने तडतडते. पण या खोलीत ऊन येत नव्हतं, आणि वाऱ्याला मालवणी येत नाही.

पंचवीस आले. सव्वीस आले. सत्तावीस, अठ्ठावीस. कालच्यासारखे ते परत गेले नाहीत. खुर्च्या एकदा करकरायच्या आणि मग गप्प, बसून राहिलेल्या माणसांच्या खुर्च्यांसारख्या. खोलीत खोबरेल तेलाचा वास भरला, जाड्या तंबाखूचा, सोड्याने धुतलेल्या कपड्यांचा. समता चाळीच्या नळावर सकाळी सहाला येणारा तो वास तिने तीस वर्षांत कुठे घेतला नव्हता. खरं सांगायचं तर ती घाबरलेली होती. आणि तरीही कुणीतरी डोक्यावर हात ठेवून, केवढी झालीस गं, म्हणेल असं तिला सारखं वाटत होतं.

विशालची बॅग खुर्चीवरून खाली सरकली. त्याने उचलून ठेवली. ती पुन्हा सरकली, हळूच, कुणी सांभाळून बाजूला करावी तशी. तिसऱ्यांदा त्याने बॅग मांडीवर घेतली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला.

"मॅडम," तो पुटपुटला, "इथे कोणी बसलंय का?"

"हो," संघमित्रा म्हणाली.

विशालने लॅपटॉप मिटला. एक अर्जंट कॉल आहे म्हणाला, आणि पाठ भिंतीला घासत, खुर्च्यांपासून जमेल तेवढं लांबून, दाराबाहेर गेला. जिन्यावरून उतरतानाचे त्याचे बूट बराच वेळ ऐकू येत होते.

६

"शेवटचं ना?" साहेबांनी विचारलं. "उरका."

संघमित्राने यादी बघितली नाही. बघायची गरज नव्हती.

"क्रमांक एकोणतीस. खंडू सखाराम इंगळे."

काही नाही. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी.

आज आधीच्या सगळ्यांनी पहिल्या हाकेला ओ दिली होती.

"खंडू सखाराम इंगळे."

व्हरांडा शांत. दाराखाली उन्हाचा एक पट्टा, आणि त्यात कुणाचेच पाय नाहीत. इतका वेळ ते येतील म्हणून ती भीत होती, आणि आता त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघताना तिचं सगळं अंग एकच मागत होतं: या. आबा, या हो.

"तिसरी द्या, साळवेबाई."

"पाणी पिते जरा, साहेब."

ती प्यायली. सावकाश, अर्धी बाटली. मग यादी नीट लावली. मग लाल पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, हे चालत नाहीये, दुसरं बघते. टेबलाचे तिन्ही खण तिने उघडून बघितले. पेन चांगलं चालत होतं. आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं. अकरा वर्षांत तिने कुणासाठी अर्धा मिनिट थांबून घेतलं नव्हतं. किती जण जिन्यात होते त्या अकरा वर्षांत, कोण जाणे.

"साळवेबाई."

साहेबांनी मान वर केली होती. ते तिच्याकडे बघत होते. तिला पहिल्यांदाच दिसलं, त्यांचे डोळे घारे होते.

"काय झालंय?"

"माणूस जिन्यात आहे, साहेब."

"कशावरून?"

"मला ठाऊक आहे. तिसरी हाक लवकर दिली तर तो पोचायचा नाही. थोडं थांबा. आयुष्यात एवढंच मागते."

साहेब काहीतरी नियमातलं बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण वर केलेली मान वरच राहिली, आणि त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, खुर्च्यांच्या ओळीवर गेली. तिथे ती थबकली. एका खुर्चीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर गेली. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग त्यांनी मान झटक्यात खाली घातली आणि टेबलाची कड धरली.

"थांबू या," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "थांबू या आपण."

ते थांबले. किती वेळ, ते नंतर दोघांनाही सांगता आलं नाही. खोलीत कुणी हललं नाही. फक्त एकदा भिवाकाकांचा तो कोरडा खोकला आला, आणि कुणीतरी 'श्शू' केलं.

मग खाली, पार तळमजल्यावर, धावत येणारी पावलं ऐकू आली. एक घट्ट, एक फटफट. एका चपलेचा अंगठा तुटलेला. पहिला मजला. दम घ्यायला न थांबता, दोन दोन पायऱ्या एकदम. दुसरा मजला. संघमित्राने श्वास भरून घेतला आणि अकरा वर्षांत कधी दिली नव्हती अशी हाक दिली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

"खंडू सखाराम इंगळे!"

"आलो! आलो, जिन्यात हाय!"

व्हरांड्यात पावलं घसरली. दाराखाली पाय आले, धुळीने माखलेले. दाराच्या वरच्या कडेवर एक हात पडला. तरण्या माणसाचा हात, शिरा ताठलेल्या, नखांत निळा रंग बसलेला, रॉकेलने घासूनही न गेलेला. संघमित्राची नजर त्या हातावरून मनगटावर गेली, घामाने अंगाला चिकटलेल्या बाहीवर गेली, खांद्यापर्यंत गेली. त्याच्या वर तिला बघवलं नाही.

"बाई," तो धापा टाकत म्हणाला, "उशीर झाला का हो?"

आवाज छत्तीस वर्षांच्या माणसाचा होता, आणि ती एक्केचाळीसची. त्याने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? त्याची संघमित्रा या वेळेला शाळेतून यायची होती. त्या आवाजात फक्त परत पाठवतील की काय ही भीती होती, आणि ती ऐकून तिच्या घशाशी 'आबा' आलं. तिने ते गिळलं. आठ दिवस पाठ केलेलं बोलायला माणूस पळत आला होता. त्याचा वेळ तिला घ्यायचा नव्हता.

"नाही," ती कचेरीतल्या आवाजात म्हणाली. "वेळेत आलात. आत या."

दार झुललं. सहावी खुर्ची करकरली.

साहेबांनी मान खालीच ठेवली होती, पण त्यांच्यापुढचा कागद कोरा होता आणि पेन त्यांनी बाजूला ठेवलं होतं. "बोला," ते म्हणाले. "सावकाश बोला. घाई नाही."

संघमित्राने तेच पेन उचललं, कागद आपल्याकडे ओढला आणि त्यावर डोळे खिळवून बसली.

"सायेब," खंडू इंगळे म्हणाला, आणि थांबून त्याने एक दम घेतला. "मला एक पोरगी हाय. धा वर्षाची. तिला पळायला तेवढीच जागा हाय."

ती लिहून घेत होती, शब्द न शब्द.